विहिरीवरचा लाल ठिपका : दिंडोरी तालुक्यातील लोकसहभागी पाणी तपासणीचे एक प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण चर्चेसाठी रचलेले आहे. कोणत्याही गावाकडे, शाळेकडे किंवा माणसाकडे बोट दाखवण्याचा त्यात हेतू नाही. मात्र दिंडोरी-निफाडची द्राक्षशेती, तिथे सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या मजुरांचे जीवन, पाण्याची मानके आणि कायदे हे सारे जसे आहे तसेच ठेवले आहे. सामान्य माणसांनी शास्त्रीय संशोधनात हात घातला की कोणते पेच उभे राहतात, हे तत्त्वांच्या यादीतून नीट कळत नाही. एखादी विहीर, एखादे मोजमाप आणि त्याभोवती जमलेली माणसे समोर असली की ते कळू लागते.

घडले ते असे

नाशिक शहरातील एका महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने कादवा नदीच्या खोऱ्यातील एका गावात विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला. असा प्रकल्प लोकांच्या मदतीवाचून होण्यासारखा नसतो. हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. भूजल मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते, त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो. सरकारी निरीक्षण विहिरी मोजक्या असतात आणि त्यांच्यावरून मळ्यामळ्यातले चित्र कळत नाही. गावातली माणसे मात्र प्रत्येक विहिरीपर्यंत पोहोचू शकतात, आणि पावसाळ्यानंतर खते, गोठे व शोषखड्डे यांतले नायट्रेट झिरपून खाली उतरते तेव्हा, म्हणजे नेमक्या वेळी, पोहोचू शकतात.

त्यामुळे गावातल्या माध्यमिक शाळेतील नववीची मुले आणि महिला बचत गटातील काही जणी यांना सोबत घेण्यात आले. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, नायट्रेटनुसार रंग बदलणारी तपासणी-पट्टी पाण्यात बुडवून झटकायची, पाकिटावर दिलेला वेळ संपेपर्यंत थांबायचे, मग तिचा रंग डबीवरच्या छटांशी ताडून पाहायचा, आणि मोबाईलमधील ॲपमध्ये आकडा, विहिरीचा फोटो व स्थान भरायचे, असे प्रशिक्षण त्यांना मिळाले. ॲपमध्ये पहिल्याच पानावर 'मी सहमत आहे' अशी चौकट होती. ती नमुना घेणाऱ्याने टिचकावायची होती. विहीर मालकाची परवानगी तोंडी घ्यायची ठरले होते आणि ती कशी घेतली गेली हे सहज समजण्याजोगे आहे. मुलगी बांधावर उभी राहून म्हणाली, "काका, सरांनी पाणी तपासायला सांगितलंय," आणि काका म्हणाले, "घे की, बाळा."

जानेवारीत विभागाने जमा झालेली माहिती नकाशावर मांडून सर्वांसाठी खुली केली. पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेल्या नायट्रेटच्या मर्यादेच्या आतील विहिरींवर हिरवे आणि बाहेरील विहिरींवर लाल ठिपके उमटले. आरोग्य विभाग ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांबाबत हिरवे, पिवळे, लाल कार्ड देतो, त्यामुळे लाल रंगाचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. एक लाल ठिपका एका निर्यातक्षम द्राक्षबागेतील विहिरीवर होता. ठिपक्यावर बोट ठेवले की फोटो उघडत असे, आणि फोटोत विहिरीमागे पंपाची खोली व तिच्या पलीकडे ओळींत उभी असलेली बाग स्पष्ट दिसत होती. दोन दिवसांत तो फोटो व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरला आणि 'पाण्यात नायट्रेट जास्त' याचे 'या बागेच्या पाण्यात विष' असे झाले. काढणी तोंडावर आली होती. सौद्याला आलेल्या व्यापाऱ्याने भाव बोलण्याआधी पाण्याचीच चौकशी केली.

शास्त्राच्या दृष्टीने त्या चौकशीला आधार नव्हता. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटवरून द्राक्षातील कीडनाशकांचा अंश ठरत नाही. तो द्राक्षाचा नमुना काढून प्रयोगशाळेत मोजावा लागतो आणि निर्यातीच्या बागांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट व्यवस्थेत तसा तो मोजलाही जातो. पण बागायतदाराची भीती पोकळ होती असे म्हणता येत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, आणि त्याचा फटका या पट्ट्याने सोसला आहे. एका रसायनाच्या नावाने सबंध हंगाम हातचा जातो, हा अनुभव ज्याच्या घरात आहे तो लाल ठिपक्याकडे निवांतपणे पाहू शकत नाही.

विहीर मालक शाळेत गेले. ठिपका काढा, फोटो काढा, आणि माझ्या मळ्यात मुले पाठवली कोणी ते सांगा, अशी त्यांची मागणी होती. नमुना घेणाऱ्या मुलीच्या आईला वाटेत दोन शब्द ऐकावे लागले. मुख्याध्यापकांनी उपक्रम थांबवला. विभागाने दिलगिरी व्यक्त करून ठिपका नकाशावरून उतरवण्याची तयारी दाखवली. तिथेच हे प्रकरण मिटले असते.

पण बचत गटातील एका ताईंनी वेगळाच प्रश्न पुढे आणला. त्या विहिरीजवळच्या शेडमध्ये सुरगाणा तालुक्यातून विरळणीच्या कामाला आलेली टोळी राहत होती. गावठाणात नळ आहे, मळ्यातल्या शेडपर्यंत नाही, म्हणून ही माणसे त्याच विहिरीचे पाणी पीत होती. त्यातल्या एका बाईच्या अंगावर दूध कमी होते आणि ती तान्ह्या बाळाला पावडरचे दूध त्याच पाण्यात कालवून देत होती, तेही काळजी म्हणून पाणी चांगले उकळून. ताईंचे म्हणणे एवढेच होते : "ठिपका काढायचा तर काढा, पण त्या पोरीला सांगायचं कुणी?"

पट्टी काय सांगते

निर्णयाकडे वळण्यापूर्वी मोजमापाकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण दोन्ही बाजूंनी त्याचाच आधार घेतला जात होता. भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. १०५००:२०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त नसावे, आणि पर्यायी स्रोत नसला तरी या मर्यादेत सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ५० आहे. आता मुलांच्या हाती असलेल्या डबीवरील छटा पाहा : १०, २५, ५०, १००. म्हणजे ज्या आकड्यावर हिरव्याचे लाल होते तो ४५ हा आकडा डबीवर नाहीच. तो २५ ची फिकी गुलाबी आणि ५० ची जरा गडद गुलाबी यांच्या मध्ये कुठेतरी येतो. संध्याकाळी, मावळत्या उजेडात, पट्टी डबीला लावून त्या मुलीने दोन छटांपैकी गडद वाटली ती निवडली आणि ५० भरले. तिने प्रामाणिकपणे पाहिले. तिची चूक शोधण्यासारखे इथे काही नाही. तिच्या हाती दिलेले साधन ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, त्या प्रश्नाचे उत्तर नकाशाने तिच्या नावावर जाहीर केले.

याहून मोठा धोका दुसरीकडे होता. काही कंपन्यांच्या पट्ट्या नायट्रेट दाखवतात, तर काही नायट्रेटमधील फक्त नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या पट्टीवरील आकड्याला सुमारे ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. तिच्यावरचा १० म्हणजे जवळजवळ ४४ आणि २० म्हणजे जवळजवळ ८९. डब्या संपल्या आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीच्या दिल्या, एवढ्याने धोक्याची विहीर हिरवी होऊन बसते. ज्याची बाग बदनाम होते तो माणूस निदान शाळेत येऊन बोलतो. ज्याच्या विहिरीवर चुकीचा हिरवा ठिपका पडला तो निर्धास्तपणे पाणी पीत राहतो आणि त्याची तक्रार कधीच येत नाही. प्रशिक्षणात या एका गोष्टीवर तासभर घालवला असता तरी तो जास्त झाला नसता, असे माझे मत आहे.

पट्टीच्या या मर्यादा दाखवून कोणी म्हणेल की मग हे मोजमाप रद्दच समजावे. विहीर मालकांचे तेच म्हणणे होते. मला ते मान्य नाही. पुराव्याची खात्री किती हवी, हे त्या पुराव्यावर आपण पुढे काय करणार आहोत त्यावरून ठरते. एखाद्याच्या मळ्यावर जगासमोर लाल खूण करायची तर प्रयोगशाळेत पुन्हा तपासलेला नमुना हवा, एका पट्टीवर ते करणे अन्याय आहे. परंतु तान्ह्या बाळाच्या आईला 'या पाण्याबद्दल शंका आहे, पक्का अहवाल येईपर्यंत बाळाचे दूध दुसऱ्या पाण्यात करा' असे सांगायला पट्टीवरची शंका पुरेशी आहे. शंका खोटी ठरली तर काही दिवस लांबून पाणी आणण्याचा त्रास वाया गेला, एवढेच नुकसान. शंका खरी ठरली आणि सांगितले नसले, तर सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटून ओठ-नखे निळसर पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आणि उकळण्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. ब्लीचिंग पावडरनेही ते जात नाही. म्हणजे जी आई सर्वांत जास्त काळजी घेत होती तिची काळजीच तिला चुकीच्या वाटेने नेत होती, आणि हे ठाऊक असलेली माणसे नकाशावरच्या ठिपक्याची वाटाघाट करत बसली होती.

संमती कोणाची

विभागाची बाजू अशी होती की आपण माणसांवर नव्हे, पाण्यावर संशोधन करत आहोत, म्हणून प्रस्ताव संस्थात्मक नैतिकता समितीकडे पाठवण्याचे कारण नव्हते. कागदावर या म्हणण्याला जागा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे मानवी सहभाग असलेल्या जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनासाठी आहेत, आणि विहिरीतून बाटली भरणे त्यात सरळ बसत नाही. लोकसहभागी विज्ञानातील बरेचसे उपक्रम याच फटीतून निसटतात. पक्षी मोजायचे, झाडांचा बहर नोंदवायचा, पाणी तपासायचे, यात माणूस कुठे आहे असे वाटते. प्रत्यक्षात विहिरीला मालक असतो, वाटेकरी असतो, तिचे पाणी पिणारे असतात, आणि आकडा जाऊन पडतो तो त्यांच्यावर.

या प्रकरणात संमती घेतली गेली ती आकडा भरणाऱ्याची. ज्यांच्यावर आकडा पडणार होता त्यांपैकी मालकाने पाणी घेऊ दिले, पण पाणी घेऊ देणे म्हणजे फोटो आणि विहिरीच्या ठिकाणासह निकाल प्रसिद्ध करू देणे नव्हे. तो प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही. आणि शेडमधल्या माणसांना तर कोणताच प्रश्न विचारला गेला नाही. ती जमीन त्यांची नाही, विहीर त्यांची नाही, ग्रामसभेत त्यांचे नाव नाही, बचत गटात ती नाहीत, त्यांची मुले या शाळेत नाहीत. 'गावाचा सहभाग' म्हणून जे जमवले गेले त्यात, त्या पाण्यावर सर्वाधिक अवलंबून असलेली माणसे सुरुवातीपासूनच बाहेर होती. मला या प्रकरणातील सर्वांत मोठा दोष हाच वाटतो. ठिपक्याच्या वादात मालकाचा आवाज मोठा असल्याने तो वाद मोठा दिसला, इतकेच.

नाव दिले नाही म्हणजे ओळख लपली, हा समजही सोडून दिला पाहिजे. शहरात तो कदाचित चालत असेल. खेड्यात पंपाच्या खोलीचा रंग पाहून मळा ओळखला जातो. नांदूर मधमेश्वरला पक्षी पाहायला जाणाऱ्या नाशिककरांना ठाऊक असेल की ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर शिकारीचा किंवा त्रासाचा धोका असलेल्या प्रजातींचे नेमके ठिकाण सर्वांना दाखवले जात नाही. माहिती जमा होते, संशोधनाला उपयोगी पडते, पण ठिकाण धूसर ठेवले जाते. पक्ष्यासाठी जी काळजी सहज घेतली जाते ती शेतकऱ्यासाठी घेण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नव्हती. विहीरवार ठिपक्यांऐवजी पाणलोटाचा किंवा शिवाराचा एकत्रित रंग दाखवता आला असता.

सांगणे आणि प्रसिद्ध करणे

यावरून माझे मत असे बनले आहे की असल्या प्रकल्पात दोन कर्तव्ये पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. पाणी पिणाऱ्याला सांगणे हे एक, आणि जगाला सांगणे हे दुसरे. दुसऱ्याबाबत मालकाशी, ग्रामपंचायतीशी चर्चा होऊ शकते, वेळ घेता येतो, तपशील झाकता येतो, प्रसंगी नकारही मान्य करता येतो. पहिल्याबाबत मालकाला नकाराधिकार नाही. 'माझ्या विहिरीचा निकाल कोणाला सांगू नका' असे म्हणण्याचा त्याचा हक्क, तिचे पाणी दुसरे कोणी पीत नाही तोवरच टिकतो. ही अट नमुना घेण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. ती ऐकून तो नमुना देण्यास नाही म्हणाला तर ते स्वीकारावे, पण नमुना घेऊन नंतर गप्प बसणे हे कोणत्याही संमतीने शुद्ध होत नाही.

विभागाने केले ते नेमके उलट. जगाला आधी सांगितले आणि पिणाऱ्याला सांगितलेच नाही. नंतर वाद झाला तेव्हा जगाला सांगितलेले मागे घेण्याची तयारी दाखवली, आणि तेवढ्याने नैतिक जबाबदारी संपली असे मानले.

गप्प बसण्याची किंमतही लोकांनी मोजलेली आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१५ साली रहिवाशांनी व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांच्या साहाय्याने आपापल्या नळाचे नमुने भरले आणि पाण्यातील शिसे उघडकीला आणले. पाणी सुरक्षित असल्याचे अधिकारी तोवर सांगत होते. लोकांनी गोळा केलेल्या माहितीचे मोल इतके मोठे असू शकते, म्हणून दिंडोरीच्या प्रकरणातून 'लोकांच्या हाती पट्टी देऊच नका' असा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. ओझर आणि वाघाड परिसरातील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढून कालव्याच्या पाण्याचा हिशेब वर्षानुवर्षे स्वतः ठेवला आहे. सामाईक पाण्याची नोंद चारचौघांत कशी ठेवायची हे या भागाला कोणी बाहेरून शिकवायला नको. त्यांना विचारून नियम केले असते, तर विभागाच्या नियमांपेक्षा ते अधिक शहाणपणाचे झाले असते, असा माझा विश्वास आहे.

ती मुलगी

नमुना घेणारी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. तिचे नाव ॲपमध्ये नोंदीशेजारी दिसत होते, ते प्रोत्साहन म्हणून ठेवले होते. त्याच नावामुळे राग तिच्या घरापर्यंत पोहोचला. आयुर्विज्ञान परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार आरोग्य संशोधनात मुलांबाबत पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हाही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. इथे शाळेने सांगितले म्हणून मुले गेली. शाळेत 'सरांनी सांगितलंय' या शब्दांना नाही म्हणण्याची मुभा किती असते, हे आपण सर्व जाणतो. मुलांनी विज्ञान शिकावे, विहिरीवर जाऊन शिकावे, हे मला मनापासून हवे आहे. पण निकाल लावण्याचे ओझे त्यांच्या डोक्यावर नको. त्यांनी नमुना भरावा, रंग पाहावा, वहीत लिहावा. नकाशावर जाईल तो आकडा प्रयोगशाळेचा आणि सही मोठ्या माणसाची असावी.

श्रम आणि माहितीचा पुढचा प्रवास

बचत गटातील स्त्रियांनी हंगामात आपला रोज बुडवून नमुने घेतले आणि त्यांना प्रमाणपत्र मिळाले. पगारी प्राध्यापकाने स्वयंसेवा करणे आणि रोजंदारीवरील बाईने करणे यात फरक आहे, तो अंदाजपत्रकात दिसायला हवा. शोधनिबंधात त्यांचे ऋण मानणे पुरेसे नाही. निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, निबंध छापण्याआधी लागले पाहिजेत.

याच सुमारास पाणी शुद्धीकरण यंत्रे विकणाऱ्या एका विक्रेत्याने विभागाकडे लाल विहिरींची यादी मागितली. विभागाने ती दिली नाही, हे चांगले झाले. पण न देण्याचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. दुसरा कोणी असता तर देऊनही टाकली असती. एका कामासाठी विश्वासाने दिलेली गोष्ट दुसऱ्या कामाला वापरली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील हवासुपाई आदिवासींचे आहे. १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेले त्यांचे रक्तनमुने, त्यांना न सांगता, मानसिक आजार आणि स्थलांतराच्या संशोधनासाठी वापरले गेले. २०१० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. पाणी हे रक्त नव्हे, पण विश्वासाचा व्यवहार तोच आहे.

काय करावे

त्या दिवशी विभागासमोर जो निर्णय होता त्याचा क्रम मला असा योग्य वाटतो. संध्याकाळ होण्याआधी बचत गटाच्या ताई आणि आशा सेविका यांनी शेडवर जाऊन बाळाच्या आईला तिला समजेल अशा बोलीत सांगावे, आणि गावठाणातल्या नळाचे पाणी बाळापुरते तरी रोज पोहोचेल याची सोय लावूनच परतावे. बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. मालकाला भेटून त्यांच्या विहिरीचा पक्का नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विभागाच्या खर्चाने तपासावा. फोटो आणि नेमके स्थान सर्वच विहिरींचे उतरवावे, एकट्या तक्रारदाराचे नव्हे, कारण ज्याला ओरडता येते त्याचाच ठिपका पुसला जाणे हा दुसरा अन्याय ठरेल. बागायतदार आणि व्यापारी यांच्यासमोर विभागाने लेखी खुलासा करावा की या मोजमापाचा द्राक्षाच्या गुणवत्तेशी संबंध नाही. मुलीच्या आईवडिलांकडे विभागप्रमुखांनी स्वतः जावे.

एवढे करूनही एक प्रश्न राहतो आणि तो संशोधकांच्या हातात पूर्णपणे नाही. पाणी वाईट आहे असे सांगितल्यावर चांगले पाणी आणायचे कोणी? मालक म्हणतात, टोळी तीन महिन्यांची. ग्रामपंचायत म्हणते, ते आमचे रहिवासी नाहीत. टोळीचा मुकादम म्हणतो, शेडची सोय मालकाची. विभाग म्हणेल, आमचे काम मोजण्याचे. निदान या शेवटच्या उत्तराला मी हरकत घेईन. ज्याने मोजले त्याने ग्रामसभेत उभे राहून मळ्यांतील शेडपर्यंत नळजोडणीचा ठराव मांडावा, तो होईपर्यंत जारच्या पाण्याचा खर्च प्रकल्पात धरावा, आणि ऑक्टोबर छाटणीला नवी टोळी येईल तेव्हा पहिल्या दिवशी तिला विहिरीचा निकाल सांगण्याची जबाबदारी कोणावर आहे ते नावानिशी लिहून ठेवावे. हे झाल्याशिवाय तपासणीची पुढची फेरी सुरू करू नये.